फ्रेमगळती (संगणकीय खेळांचे चित्रमुद्रण)

संगणकावर चालू असलेल्या खेळाचे चित्रमुद्रण करताना काही चित्रचौकटी फाइलमध्ये न उतरणे, अथवा त्यांच्या जागी आधीचीच चौकट पुन्हा नोंदली जाणे, यास ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ असे म्हणतात. या लेखात सोयीसाठी त्यास ‘फ्रेमगळती’ असा शब्द योजला आहे. खेळताना पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसते. परंतु नंतर फाइल पाहू जाता चित्र मध्येच थबकते, धावणारे पात्र उडी मारल्यासारखे पुढे सरकते आणि आवाज मात्र अखंड चालू राहतो, ही या दोषाची नेहमीची खूण होय.

हा दोष एकच नाव असलेला, पण अनेक कारणांनी उद्भवणारा आहे. खेळातील दृश्य तयार झाल्यापासून ते डिस्कवर लिहिले जाईपर्यंत त्यास अनेक टप्पे पार करावे लागतात, आणि गळती यांपैकी कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते. एका टप्प्यावरील उपाय दुसऱ्या टप्प्यावर निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरतो. म्हणून गळती नेमकी कोठे होते हे ठरविल्याशिवाय सेटिंग बदलत बसणे व्यर्थ असते. पुढील विवेचन मुख्यतः विंडोज संगणक आणि ‘ओबीएस स्टुडिओ’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. तत्त्वे मात्र इतर सॉफ्टवेअरलाही लागू पडतात.

वेळेचे व आकाराचे गणित

सेकंदाला ६० फ्रेम नोंदवायच्या असतील तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.६७ मिलिसेकंद येतात. ३० फ्रेम नोंदवायच्या असतील तर ३३.३३. या मुदतीत फ्रेम पकडणे, तिच्यावर इतर दृश्यघटक चढविणे आणि ती पुढच्या टप्प्याकडे सोपविणे ही कामे उरकावी लागतात. मुदत टळली की त्या फ्रेमची पाळी गेली. खेळ कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे मागे राहिलेले काम नंतर भरून काढण्याची सोय येथे नसते. चित्रपटाची फाइल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात बदलताना संगणक मंद असला तर केवळ वेळ अधिक लागतो. खेळाच्या मुद्रणात मंद संगणक वेळ अधिक घेत नाही, तो फ्रेम गाळतो. हा भेद लक्षात घेतला म्हणजे पुढचे बरेचसे उलगडते.

आता आकार. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास एक फ्रेम सुमारे ८.३ मेगाबाइटची होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास ४९८ मेगाबाइट, आणि तासाभराचे मुद्रण सुमारे १.८ टेराबाइट. इतकी माहिती जशीच्या तशी साठविणे घरगुती संगणकास परवडणारे नाही. म्हणून ती संक्षिप्त करावी लागते. या संक्षेपणास एन्कोडिंग आणि ते करणाऱ्या सॉफ्टवेअरला अथवा यंत्रणेला एन्कोडर म्हणतात. तेच चित्र सेकंदाला ५० मेगाबिट या दराने संक्षिप्त केले तर सेकंदाला अवघे ६.२५ मेगाबाइट लिहावे लागतात आणि तासाला सुमारे २२.५ गिगाबाइट जागा लागते. सारांश, डिस्कवरचा भार हलका झाला. पण तो नाहीसा झाला नाही, एन्कोडरच्या खांद्यावर गेला.

गळतीचे टप्पे

पहिला टप्पा रेंडरिंगचा. खेळाचे दृश्य ग्राफिक्स कार्ड तयार करते. मुद्रणाचे सॉफ्टवेअर ते दृश्य घेते, त्यावर वेबकॅमची चौकट, नावाची पट्टी, घड्याळ असे जे काही ठेवले असेल ते चढविते, आवश्यक तर आकार लहान करते आणि अंतिम फ्रेम सिद्ध करते. हे कामही ग्राफिक्स कार्डच करते. खेळाने कार्डाची शंभर टक्के शक्ती व्यापली असेल तर या दुसऱ्या कामास वेळेवर पाळी मिळत नाही. यास रेंडरिंग लॅग म्हणतात.

दुसरा टप्पा एन्कोडिंगचा. सिद्ध झालेल्या फ्रेम एन्कोडरकडे येतात. एन्कोडर मुख्य प्रोसेसरवर चालणारा असू शकतो, जसे ‘एक्स२६४’. अथवा ग्राफिक्स चिपमध्येच त्यासाठी वेगळा विभाग असतो, जसे एनव्हिडियाचे एनव्हीएन्क वा इंटेलचे क्विक सिंक. येणाऱ्या फ्रेमचा ओघ एन्कोडरच्या गतीपेक्षा अधिक झाला की रांग वाढते आणि शेवटी फ्रेम वगळल्या जातात. हा एन्कोडिंग लॅग.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ‘एनव्हीएन्क वापरले की ग्राफिक्स कार्डावर भारच पडत नाही, तरीही फ्रेम का गळतात?’ असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. एनव्हीएन्क हा कार्डावरील स्वतंत्र विभाग असतो हे खरे; परंतु तो केवळ दुसरा टप्पा हाताळतो. पहिल्या टप्प्यातील दृश्ये एकत्र करण्याचे काम कार्डाच्या त्याच सामान्य विभागावर होते, ज्यावर खेळ चालू असतो. तेव्हा एन्कोडर रिकामा बसलेला आहे आणि फ्रेम मात्र त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, अशी स्थिती सहज संभवते. अशा वेळी एन्कोडरचे सेटिंग कितीही खाली आणले तरी उपयोग होत नाही.

तिसरा टप्पा डिस्कवरील लेखनाचा. वर पाहिल्याप्रमाणे सेकंदाला सहा-सात मेगाबाइट लिहिणे साध्या हार्ड डिस्कलाही जड नाही. अडचण येते ती डिस्क अन्य कामात गुंतलेली असताना. खेळ आणि मुद्रण एकाच हार्ड डिस्कवर असणे, डिस्क काठोकाठ भरलेली असणे, मुद्रणाचे फोल्डर इंटरनेटवरील संचयाशी आपोआप जुळविले जात असणे, अँटिव्हायरसने वाढत्या फाइलची सतत तपासणी करणे, अथवा मुद्रण जुन्या पेन ड्राइव्हवर करणे ही त्याची सर्वसाधारण कारणे होत. खेळातील नवा टप्पा लोड होताना नेमके त्याच वेळी चित्र अडखळत असेल तर संशय डिस्कवर घ्यावा.

ओबीएसमध्ये ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ या नावाने दाखविला जाणारा आकडा मात्र या तिन्हींपैकी कशाचाच नाही. तो थेट प्रक्षेपणात नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेमचा असतो. प्रक्षेपण व मुद्रण एकाच वेळी चालू असता नेटवर्क खराब झाले तर प्रेक्षकांना चित्र तुटक दिसते, पण संगणकावर उतरत असलेली फाइल शाबूत राहते. केवळ मुद्रण करणाऱ्याने या आकड्याकडे पाहून इंटरनेटची जोडणी बदलण्याचे कारण नाही. शब्दसाम्यामुळे होणारा हा घोटाळा फार सार्वत्रिक आहे.

गळतीसारखे दिसणारे इतर प्रकार

खेळच सेकंदाला ४० फ्रेम तयार करीत असेल आणि मुद्रण ६० फ्रेमचे असेल, तर फाइलमध्ये काही फ्रेम दोनदा येणारच. ही गळती नव्हे. जे निर्माणच झाले नाही ते गळणार कसे?

पडदा सेकंदाला १४४ वेळा ताजा होणारा आणि मुद्रण ६० फ्रेमचे, ही जोडीही फसवी आहे. १४४ भागिले ६० म्हणजे २.४. प्रत्येक नोंदीमागे खेळाच्या कधी दोन तर कधी तीन फ्रेम पुढे सरकतात, आणि गतीत एक बारीक कंप जाणवतो. सॉफ्टवेअरमधील गळतीचे आकडे अशा वेळी शून्य असतात. खेळाची गती १२० वर बांधली तर भागाकार नेमका दोन येतो व कंप बहुतांशी जातो.

ध्वनी आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून दूर जात असतील तर दोष बहुधा फ्रेमच्या बदलत्या गतीचा असतो. काही सॉफ्टवेअर फ्रेम ठराविक अंतराने न नोंदता जशा मिळतील तशा, वेळेच्या खुणेसह नोंदवितात. पाहताना अशी फाइल ठीक चालते, पण संपादनाच्या काही सॉफ्टवेअरांत ती ठराविक गतीची समजली जाते आणि आवाज सटकतो. ‘हँडब्रेक’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने फाइल ठराविक गतीत बदलून घेतल्यास हा प्रश्न सुटतो. ओबीएस मुळातच ठराविक गतीने नोंद करते. त्यात फ्रेम चुकली तर आधीची फ्रेम पुन्हा येते. त्यामुळे फाइलमधील फ्रेमची एकूण संख्या मोजून ओबीएसमधील गळती कळत नाही.

दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातील ‘ड्रॉप-फ्रेम टाइमकोड’ या संज्ञेचाही येथे संबंध नाही. सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या चित्रफितीत घड्याळाशी मेळ राखण्यासाठी दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळले जातात, दर दहाव्या मिनिटाचा अपवाद करून. तेथे क्रमांक गळतात, चित्रे नव्हेत.

निदान

ओबीएसमधील ‘स्टॅट्स’ ही खिडकी या कामी पुरेशी आहे. तीत रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या फ्रेम आणि नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम असे तीन आकडे वेगवेगळे दिसतात. त्याच खिडकीत एक फ्रेम रेंडर होण्यास लागणारा सरासरी वेळही असतो. ६० फ्रेमच्या मुद्रणात तो १६.६ मिलिसेकंदांच्या बराच आत हवा. मुद्रण संपल्यावर हीच माहिती सॉफ्टवेअरच्या लॉग फाइलमध्येही टक्केवारीसह नोंदली जाते, त्यामुळे खेळताना खिडकीकडे लक्ष देता आले नाही तरी हरकत नाही.

टक्केवारीवर मात्र विसंबू नये. २० मिनिटांच्या मुद्रणात सेकंदाला ६० प्रमाणे ७२,००० फ्रेम असतात. त्यांपैकी ७२० गळल्या तर गळती १ टक्का. या ७२० फ्रेम एकेक करून सर्वत्र विखुरलेल्या असतील तर बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षातही येणार नाहीत. पण त्या सलग असतील तर १२ सेकंदांचे चित्र गोठून राहील. आणि गळती सहसा सलगच होते. कारण ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांवरचा ताण स्फोट, गर्दी, पाऊस, मोठी चकमक अशा क्षणी शिगेला पोहोचतो. म्हणजे जो प्रसंग टिपण्यासाठी मुद्रण लावलेले असते तोच हातचा जातो. सरासरी आकडा वर्गातल्या सरासरी गुणांसारखा असतो. नापास कोण झाले ते त्यावरून कळत नाही.

चाचणी घेताना खेळातील सर्वांत जड दृश्य निवडून दोन-तीन मिनिटांचे मुद्रण करावे. आरंभी आकडे शून्यावर आणावेत. दृश्य संपल्यावर कोणता आकडा वाढला ते टिपावे, एकच सेटिंग बदलावे आणि तेच दृश्य पुन्हा नोंदवावे. एका दमात पाच सेटिंग बदलली आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही. मग चित्राचा दर्जा विनाकारण कायमचा खालावलेला राहतो. शंकास्पद जागा व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ दाबून एकेक फ्रेम पुढे सरकवीत पाहता येते. हलत्या दृश्यात दोन-तीन वेळा कळ दाबूनही चित्र तसूभर हलत नसेल तर तेथे गळती आहे.

उपाय

रेंडरिंगचा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डास श्वास घेण्यास जागा करून द्यावी लागते. सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे खेळाच्या गतीवर मर्यादा घालणे. मर्यादा नसलेला खेळ कार्डाची सर्व शक्ती वापरून जितक्या बनतील तितक्या फ्रेम बनवितो. ६० फ्रेमचे मुद्रण करताना त्यांतील निम्म्याहून अधिक वाया जातात. खेळातील पर्यायांत अथवा ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण पटलात ही मर्यादा घालता येते. त्याने न भागल्यास सावल्या, प्रतिबिंबे यांसारखी खर्चिक वैशिष्ट्ये एकेक पायरी खाली आणावीत. विंडोजवर ओबीएस ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या पर्यायाने सुरू केल्यास ग्राफिक्स कार्डाकडून त्यास अग्रक्रम मिळू शकतो. एका क्लिकचा हा उपाय आधी करून पाहण्याजोगा आहे. पडद्यावर चढविलेले वेबपृष्ठांचे घटक पाहण्यास क्षुल्लक वाटतात, पण त्यांतील प्रत्येक घटक एक छोटा ब्राउझरच असतो. अनावश्यक ते काढून टाकावेत.

एन्कोडिंगचा आकडा वाढत असेल आणि एन्कोडर एक्स२६४ असेल, तर प्रथम यंत्राधारित एन्कोडर उपलब्ध आहे का ते पाहावे. गेल्या दशकातील बहुतेक ग्राफिक्स कार्डांत तो असतो. नसेल तर एक्स२६४ चा प्रीसेट अधिक वेगवान करावा. ‘व्हेरीफास्ट’वरून ‘सुपरफास्ट’ अथवा ‘अल्ट्राफास्ट’कडे गेल्यास प्रोसेसरचे श्रम घटतात, मात्र तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र अधिक ढोबळ होते. प्रक्षेपणात बिटरेटला मर्यादा असते, मुद्रणात ती नसते. तेव्हा डिस्कवर जागा असल्यास बिटरेट वाढवून ही उणीव भरून काढता येते. मुद्रणासाठी ठराविक बिटरेटऐवजी ठराविक दर्जा राखणारी पद्धत अधिक सोयीची, कारण शांत दृश्यात ती जागा वाचविते आणि धावपळीच्या दृश्यात सढळ हाताने खर्च करते. एनव्हीएन्क वापरूनही हा आकडा वाढत असेल तर ‘लुक-अहेड’ व ‘सायको व्हिज्युअल ट्यूनिंग’ हे पर्याय बंद करून पाहावेत. ते कार्डाच्या सामान्य विभागाची शक्ती वापरतात.

इतके करूनही भागले नाही तर आकार अथवा गती कमी करणे ओघानेच येते. १०८० ऐवजी ७२० ओळींचे मुद्रण केल्यास बिंदूंची संख्या ९,२१,६०० होते, म्हणजे मूळच्या सुमारे ४४ टक्के. ६० ऐवजी ३० फ्रेम केल्यास काम निम्मे होते. अखंड ३० फ्रेमची फाइल ही अडखळत चालणाऱ्या ६० फ्रेमच्या फाइलपेक्षा केव्हाही अधिक पाहणीय असते.

डिस्कचा दोष असल्यास मुद्रण खेळाहून वेगळ्या डिस्कवर, शक्यतो एसएसडीवर करावे आणि ते फोल्डर स्वयंचलित जुळणीतून वगळावे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम’ शंभर टक्क्यांवर अडकलेला दिसणे हा येथील पुरावा होय. डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एका फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असते आणि मुद्रण मध्येच तुटते. ती गळती नव्हे, पण नुकसान तितकेच. त्याच संदर्भात, साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका मुद्रण संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली वा संगणक बंद पडला तर संपूर्ण फाइल उघडेनाशी होते. एमकेव्ही स्वरूपात हा धोका नाही, आणि नंतर दर्जा न गमावता तिचे एमपी४ मध्ये रूपांतर करता येते. २०२४ मधील ३०.२ या आवृत्तीपासून ओबीएसमध्ये ‘हायब्रिड एमपी४’ हा सुरक्षित प्रकारही आला आहे.

लॅपटॉप व उष्णता

पहिली दहा-पंधरा मिनिटे मुद्रण निर्दोष आणि पुढे गळती सुरू, असा क्रम असेल तर कारण सेटिंगमध्ये नसून उष्णतेत असण्याची शक्यता मोठी असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप ठराविक तापमानापुढे गेल्या की स्वसंरक्षणार्थ आपली गती कमी करतात. खेळ व मुद्रण एकत्र चालू असता लॅपटॉपमध्ये ही मर्यादा लवकर गाठली जाते; उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या खोलीत तर फारच लवकर. पंख्यातील धूळ काढणे, लॅपटॉप गादीवर न ठेवता कडक पृष्ठभागावर ठेवणे व तो चार्जरला जोडून वापरणे हे साधे उपाय आहेत. बॅटरीवर चालताना बहुतेक लॅपटॉप शक्ती राखून वापरतात, म्हणून बॅटरीवर घेतलेली चाचणी ग्राह्य धरू नये. रॅमची एकच पट्टी असलेल्या आणि अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या यंत्रात दुसरी समान पट्टी बसविल्यानेही फरक पडतो, कारण अंगभूत ग्राफिक्स मुख्य स्मृतीच वापरते आणि दोन पट्ट्यांमुळे तिचा मार्ग रुंद होतो.

जुने सल्ले आणि त्यांचे मूळ

‘फ्रेम गळतात? वेगवान हार्ड डिस्क घ्या’ हा सल्ला आजही ऐकू येतो. त्याचे मूळ ‘फ्रॅप्स’ या सॉफ्टवेअरच्या काळात आहे. १९९९ साली आलेले फ्रॅप्स अनेक वर्षे खेळांच्या मुद्रणाचे प्रमुख साधन होते. प्रोसेसरवर भार पडू नये म्हणून ते चित्राचे संक्षेपण अगदी वरवरचे करीत असे. परिणामी काही मिनिटांतच फाइल अनेक गिगाबाइटची होई आणि डिस्क हाच खरा अडथळा असे. तेव्हा खेळ एका डिस्कवर आणि मुद्रण दुसऱ्या डिस्कवर करणे हा उत्तम सल्ला होता. पुढे २०११ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांत क्विक सिंक आणि २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या कार्डांत एनव्हीएन्क आले. ओबीएसची पहिली आवृत्तीही २०१२ मधलीच. २०१३ मध्ये एनव्हिडियाने ‘शॅडोप्ले’ उपलब्ध करून दिले व यंत्राधारित एन्कोडिंग सर्वसामान्य खेळाडूंपर्यंत पोहोचले. डिस्कवरचा भार कमी होऊन अडथळा ग्राफिक्स कार्डाकडे सरकला. सल्ला मात्र जागीच राहिला.

गळलेल्या फ्रेमची भरपाई

मुद्रणात न उतरलेली फ्रेम नंतर परत मिळविता येत नाही. शेजारच्या दोन फ्रेमवरून मधली फ्रेम कल्पून भरणारी सॉफ्टवेअरे आहेत आणि त्यांनी चित्र डोळ्यांना नितळ दिसू लागते. परंतु ती फ्रेम अनुमानाची असते, घडलेल्या गोष्टीची नव्हे. करमणुकीच्या चित्रफितीत याने काही बिघडत नाही. स्पीडरनिंगमध्ये, म्हणजे खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करण्याच्या स्पर्धाप्रकारात, मात्र चित्रफीत हाच पुरावा असतो. आरंभाची व शेवटची फ्रेम शोधून, त्यांतील अंतर मोजून परीक्षक वेळ निश्चित करतात. ६० फ्रेमच्या मुद्रणात शेवटच्या क्षणी सलग सहा फ्रेम गळल्या तर एक दशांश सेकंद संदिग्ध होतो, आणि चुरशीच्या नोंदींत क्रम ठरण्यास तेवढा वेळ पुरेसा असतो. अशा मुद्रणाच्या आधी दोन मिनिटांची चाचणी घेऊन तिन्ही आकडे शून्य असल्याची खात्री करून घेणे, आणि मुद्रणाची लॉग फाइल चित्रफितीसोबत जपून ठेवणे इष्ट असते.